‘मोदक’ फॉन्ट वापरणार असशील तर

मंडळाच्या बॅनरसाठी ‘मोदक’ निवडलास, झकास. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा हा फॉन्ट आधी हाताने रेखाटलेल्या अक्षरांतून आलाय. मुक्त परवान्याचा आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो.

याची सगळी गंमत अक्षरांच्या पोटात आहे. ‘ब’ किंवा ‘ठ’ मोठा करून बघ: आतली मोकळी जागा जवळजवळ मिटलीय, नुसती बारीक फट उरलीय. म्हणून हा मोठ्या आकारातच शोभतो. लहान केलास की फटी बुजतात आणि शब्दाचा गोळा होतो. वरून जाड आउटलाइन तर अजिबात देऊ नकोस (सगळ्यांना तोच मोह होतो!). द्यायचीच असेल तर अक्षराच्या मागे दे.

मथळा दोन-तीन शब्दांचा ठेव. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या, रफार एकमेकांवर चढतात. ओळींमधलं अंतर डोळ्यांनी बघून वाढव. अक्षरांमधलं अंतर मात्र ताणू नकोस, शिरोरेषा तुटते. वेळ, पत्ता, वर्गणी यांसाठी ‘मुक्ता’ घे. तोही ‘एक टाइप’चाच फॉन्ट, वाचायला स्वच्छ.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप कर, युनिकोड नसलेल्या जुन्या ‘कृतिदेव’ फॉन्टमधला चिकटवलास तर भलतंच काहीतरी उमटेल. फ्लेक्सवाल्याकडे फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे मजकुराऐवजी नुसत्या आकारांत) बदलून दे.

बालवाडीची पत्रिका, खाऊचं पाकीट, बालनाट्याचं पोस्टर इथेही ‘मोदक’ खुलतो. श्रद्धांजलीच्या फलकावर मात्र कृपा करून नको.