शेजाऱ्याची साखर, युरोपचा कोटा

प्रश्न : युक्रेनची स्वस्त साखर किती आत घ्यायची, हे युरोपीय संघातले 27 देश मिळून कसं ठरवतात? तिथल्या शेतकऱ्याचं कुणी ऐकतं का?
– ऊस उत्पादक, रायबाग

उत्तर : वाटाघाटीला 27 देश बसत नाहीत, सगळ्यांच्या वतीने युरोपीय आयोग बोलतो. बाहेरच्या मालावरची जकात साऱ्या संघाची एकच, त्यामुळे पोलंडला किंवा फ्रान्सला वेगळा व्यापार करार करता येत नाही. बोलणी सुरू करण्याचा अधिकार आयोगाला सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद देते. पुढे देशांच्या अधिकाऱ्यांची समिती आयोगाकडून वेळोवेळी हिशेब घेते. शेतकरी संघटनांचा दबाव आपापल्या सरकारमार्फत इथेच पोहोचतो. मसुदा ठरला की परिषदेची मंजुरी आणि युरोपीय संसदेची संमती लागते. देशांच्या अधिकारातले विषय करारात असतील तर प्रत्येक देशाची मान्यताही घ्यावी लागते. युक्रेनच्या करारातला व्यापाराचा भाग 1 जानेवारी 2016 लाच तात्पुरता लागू झाला. पण त्याच एप्रिलमध्ये नेदरलँड्सच्या मतदारांनी सार्वमतात करार नाकारला आणि पूर्ण अंमल सप्टेंबर 2017 वर गेला.

खरी ओढाताण होते ती कोट्याच्या आकड्यावर. बहुतेक मालाची जकात लगेच किंवा टप्प्याटप्प्याने शून्य होते. साखर, मध, कोंबडी यांना मात्र कोटा, म्हणजे बिनजकात मालाची ठरलेली मर्यादा, असतो. युक्रेनला वर्षाला 20,070 टन साखर बिनजकात पाठवता येई, त्यापुढच्या पांढऱ्या साखरेला टनामागे 419 युरो. एवढी जकात भरून विकणं परवडत नाही, म्हणून कोटा संपला की आवक थांबते. युद्धामुळे जून 2022 मध्ये कोटे उठवले, तशी आवक कितीतरी पटींनी वाढली आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. 2024 मध्ये तोडगा निघाला : आयात मागच्या सरासरीपुढे गेली की कोटा परत लागेल. आयोगाने सरासरीला 2022 आणि 2023 धरली होती. शेतकऱ्यांच्या बाजूने जोर लागला आणि त्यात 2021 चे शेवटचे सहा महिने घातले गेले. तेव्हा आवक कमी होती, त्यामुळे मर्यादा खाली आली. शेतकऱ्याचं ऐकतात ते असं, सरासरीच्या वर्षांत. 2025 च्या नव्या बोलणीत साखरेचा कोटा 1 लाख टन झाला. बदल्यात युक्रेनने शेतीचे युरोपीय नियम 2028 पर्यंत लागू करायचं कबूल केलं.

प्रश्न : आसियानशी करार असूनही आमच्या बिडाच्या कास्टिंगला व्हिएतनाममध्ये सवलत नाकारली. असं का?
– फौंड्रीचालक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : आसियानचे, म्हणजे आग्नेय आशियाई गटाचे, देश बोलणी एकत्र करतात, पण जकातीची यादी ज्याची त्याची वेगळी. थायलंडची यादी बघून व्हिएतनामचा दर धरू नका. सर्वसाधारण नियमाने मालाच्या एफओबी किमतीत (जहाजावर चढेपर्यंतची किंमत) भारत-आसियानचा वाटा किमान 35 टक्के हवा आणि बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा सहा अंकी एचएस कोड (जकातीसाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) तयार मालात बदललेला हवा. बाहेरचं भंगार (7204) ओतून कास्टिंग (7325) केलं तर कोड आपोआप बदलतो.

बहुतेक वेळा अडतं ते कागदावर. मशिनिंग झालेला नग तिकडे पंपाचा भाग (8413) म्हणून धरला जातो आणि तुमच्या उत्पत्ती प्रमाणपत्रावर (माल कुठे बनला याचा दाखला) 7325 असतो. ऑर्डर घेण्याआधीच खरेदीदाराकडून कोड लेखी मागवा. हे प्रमाणपत्र भारत-आसियान कराराच्या ‘एआय’ नमुन्यात, माल निघण्याआधी किंवा निघाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत काढा. उशीर झाला तर त्यावर ‘नंतर दिलेले’ अशी नोंद करून घ्यावी लागते, आणि तीही बारा महिन्यांच्या आतच मिळते.