वाचक विचारतात : फाटकी नोट, सोळा आणे आणि एक रुपया

प्रश्न : कपाटातली पाचशेची नोट उंदराने एका बाजूने कुरतडली. बँकेत किती पैसे मिळतील?

उत्तर : ते उरलेल्या कागदाच्या क्षेत्रफळावर ठरतं. पट्टी घ्या. पाचशेची सध्याची नोट १५० × ६६ मिमी, म्हणजे ९९ चौ. सेमी. सलग तुकडा निदान ८० चौ. सेमी भरला तर पूर्ण पाचशे, ४० ते ८० च्या मध्ये अडीचशे, ४० च्या खाली काहीच नाही. रुंदी शाबूत असेल तर लांबी मोजली तरी पुरे : १२.२ सेमी उरली असेल तर पूर्ण पैसे, ११ सेमी असेल तर निम्मे. म्हणून कडा सरळ करायला कातरी अजिबात लावू नका. एक तर क्षेत्रफळ घटतं, शिवाय मुद्दाम कापलेली नोट बँक नाकारू शकते.

निम्मे पैसे ५० रुपये आणि त्यावरच्या नोटांनाच मिळतात. वीसपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा तुकडा हवा, नाहीतर शून्य. नोटेचे दोनच तुकडे झाले असतील आणि दोन्ही तुमच्याकडे असतील तर काळजी नको. दोन्ही एकाच नोटेचे असले आणि जोडून ती पूर्ण होत असली, तर ती फाटकी नव्हे, मळकी धरतात आणि पूर्ण पैसे देतात. छोटा तुकडा फेकून देणारे इथेच फसतात. बँकेत खातं असायलाच हवं असं नाही. जळून कोळसा झालेल्या किंवा चिकटून गठ्ठा झालेल्या नोटा मात्र शाखेत घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या मुंबई किंवा नागपूरसारख्या कार्यालयात न्याव्या लागतात.

प्रश्न : चवली, पावली म्हणजे किती? आण्यांचे पैसे कसे केले?

उत्तर : रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणजे रुपयात ६४ पैसे, १९२ पै. 'पै न पै चुकती केली' मधली पै ती हीच. चवली दोन आण्यांची, पावली चारची, अधेली आठची. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पावलीचे २५ आणि अधेलीचे ५० बिनबोभाट झाले, घोळ झाला तो सुट्या आण्यांत. एक आणा भरतो सव्वासहा पैसे, पण धरले ६. दोन आण्यांचे १२, तिनांचे १९. एकेक आणा चार वेळा दिला की २४ च पैसे होत, एकदम चार आणे दिले तर २५! 'नवा' हा शब्द १९६४ मध्ये गळला.

प्रश्न : एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरांची सही का नसते?

उत्तर : ती नोट रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची. सही वित्त सचिवांची. कायद्याने ती नाण्यातच जमा होते, म्हणून 'अदा करने का वचन' तिच्यावर छापत नाहीत. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा १९१७ मध्ये चांदीच्या रुपयाऐवजी ती काढली. १९९४ मध्ये छपाई थांबली होती, २०१५ पासून पुन्हा सुरू झाली.