देव दमतो का?

चि. मनू,

काल मावशीने पाठवलेला विठोबाचा फोटो बघून तू विचारलंस, "त्याच्या पाठीला उशी का लावलीय? देव दमतो का?" रात्रीचे दहा वाजले होते, एडिंबऱ्यात बाहेर अजून उजेड होता, आणि मी "झोप आता" म्हणून पडदा ओढून घेतला. मी दारापर्यंत पोचले तेव्हा तू पांघरुणातून पुटपुटलास, "मग पणजी का नाही दमायची?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्यासाठी हे पत्र लिहितेय. शब्द अडले तर बाबाला विचार.

ती उशी नाही, लोड आहे. आषाढीची गर्दी सुरू झाली की पंढरपुरात देवाचा पलंग काढून ठेवतात. शेजारती थांबते, म्हणजे देवाला निजवणं बंद. आलेल्या प्रत्येकाला त्याच्या पायांवर डोकं टेकवायचं असतं, म्हणून चोवीस तास दर्शन चालू. उभ्या उभ्याच जरा टेकता यावं म्हणून विठोबाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते. तेव्हा देवाच्या पायांना लिंबू आणि साखर चोळतात, गरम पाण्याने आंघोळ घालतात, रात्री शिणवटा जायला काढा देतात आणि पलंग परत आत येतो. तर हो, दमतो. पंढरपुरात सगळं तसं धरूनच चालतं.

आता पणजी. आम्ही तिला जिजी म्हणायचो. तू तिला व्हिडिओ कॉलवरच पाहिलीस, तेही बहुतेक वेळा नुसतं कपाळ, कारण फोन कानाला लावायचा की तोंडासमोर धरायचा हे तिचं शेवटपर्यंत ठरलं नाही. गेल्या माघात ती गेली.

आपलं घर लोणंदच्या पुढे, तरडगावच्या बाजूला, पालखीच्या वाटेवरच. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी दरवर्षी आमच्या दारावरून जाते. जवळच चांदोबाचा लिंब आहे. वारीतलं पहिलं उभं रिंगण तिथे होतं, वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडे दौडतात. ते बघायला कुठून कुठून माणसं येतात. जिजी लग्न होऊन इथे आली आणि पुढे तीसएक वर्षं तिने ते रिंगण पाहिलं नाही, कारण त्या दिवशी आमच्याकडे एक अख्खी दिंडी जेवायला. पहाटे तीनला चूल पेटायची. पातेलंभर पिठलं, खर्डा आणि भाकऱ्यांच्या कमरेएवढ्या चळती. वारकरी जेवायचे, "माऊली" म्हणून तिच्या पाया पडायचे आणि पुढे जायचे. ती खरकटं काढायची.

मग धाकट्या काकांचं लग्न झालं. त्या ज्येष्ठात एके सकाळी जिजी म्हणाली, "मी आळंदीला निघाले." आजोबांनी विचारलं, "आणि दिंडीच्या जेवणाचं?" जिजी म्हणाली, "सुना हायत की." त्या सुनांमध्ये तुझी आजी होती. आजी आजही हा किस्सा हसून सांगते, पण मला नेहमी वाटतं की पहिल्या वर्षी ती हसली नसणार.

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. पुण्याहून सासवडला जायचा दिवस सगळ्यांत लांब. वाटेत दिवे घाट चढायचा, आणि नेमकी त्या दिवशी एकादशी. पोटात दोन शेंगदाण्याचे लाडू घालून जिजी तो घाट चढायची. पुढे वीस-पंचवीस वर्षं चढली.

तू विचारलंस तेच मी तुझ्याएवढी असताना तिला विचारलं होतं. वारीहून आली की दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात दिसायची. म्हटलं, "जिजी, तू दमत नाहीस?" ती म्हणाली, "पाय दुखत्यात की. पाय दुखनं येगळं आन दमनं येगळं." मग शेण थापता थापता, माझ्याकडे न बघता, "दमायला हुतं ते घरात. तिथं कशाला दमंन?"

मला तेव्हा काहीच कळलं नाही. दिंडीतही भाकऱ्या थापाव्या लागतातच, पण पाळीने. तुझी पाळी संपली की तू मोकळी, टाळ घे आणि चाल. घरात पाळी फक्त तिचीच होती. शिवाय घरी ती कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई. वाटेवर मात्र सगळेच माऊली, पाटील असो की सालगडी.

पण तू तिला संत समजू नकोस. दिंडीत ती कुणाच्याही पायांवर डोकं ठेवायची, आणि आमच्या रानात कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप मात्र गोठ्याच्या वळचणीला वेगळा ठेवलेला असायचा. साने गुरुजींनी 1947 साली उपोषण केलं तेव्हा कुठे पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं झालं, हे मी शाळेत शिकत होते आणि घरी तो कप बघत होते. मी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही. पुढे तो कप तिथे दिसेनासा झाला. तिने काढला की नुसता फुटला, मला ठाऊक नाही.

त्याच सुमाराची गोष्ट. प्रक्षाळपूजेच्या दिवशी तिने मला देव्हाऱ्यातल्या पितळी विठोबाच्या पायांना लिंबू-साखर चोळायला लावली. अर्धं लिंबू उरलं. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, म्हणून मी तिच्याही टाचांना चोळलं. भेगांत बोट जाईल अशा टाचा त्या! "आगं आगं मेले, झोंबतंय!" ती ओरडली आणि पाय पोटाशी घेऊन हसत सुटली. म्हणाली, "त्यो दगडाचा हाय म्हनून गप ऱ्हातो. जा, एरंडेल आन." मी आणलं. पुढे मी शिकायला पुण्याला जाईपर्यंत दर वारीनंतर एरंडेल चोळायचं काम माझंच होतं.

2020 साली करोनामुळे पायी वारी झालीच नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. जिजी तेव्हा नव्वदीला टेकली होती, चालणं कधीच सुटलं होतं, पण पालखीच्या दिवशी ओट्यावर बसायची. त्या वर्षीही सवयीने बसली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी इथून फोन केला, वाटलं रडत असेल. तिने आधी तू जेवलास का विचारलं, मग म्हणाली, "औंदा कुनी न्हाई म्हंत्यात पंढरीत. बरं झालं. एक वरीस तरी निजंल त्यो." आणि फोन काकूच्या हातात देऊन ती आत आडवी व्हायला गेली.

तुझी
आई