वासिलोपिता : तो की ती? आणि भाजायची की बेक करायची?

एका ताईंनी विचारलंय. त्यांची लेक अथेन्सला शिकते, तिने आईला व्हिडिओ कॉलवर तिकडचा न्यू इयरचा केक शिकवला, नाणं लपवून करतात तो. ताई आता ३१ डिसेंबरला तो घरी करणार आहेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर आमंत्रण टाकायचंय. इंग्रजी स्पेलिंग बघून त्यांनी 'व्हॅसिलोपिटा' लिहिलं, लेक म्हणते 'वासिलोपिता' लिही, मिस्टर म्हणतात पिता म्हणजे बाप, लोक हसतील. आणि शेवटी त्यांचा स्वतःचा प्रश्न: केक 'भाजला' म्हटलं की मुलं हसतात, तर ते चूक आहे का.

ताई, लेकीचं ऐका. मी सात-आठ वर्षं ग्रीक मालकाच्या बोटींवर इंजिनरूममध्ये काढलीत, हा शब्द मला स्पेलिंगने नाही तर कानाने भेटलाय, कॅप्टन १ जानेवारीला मेसरूममध्ये सुरी घेऊन उभा राहायचा आणि 'वासिलोपिता' म्हणायचा, जोर 'लो'वर आणि शेवटचा त आपल्या तव्यातला स्वच्छ त. ग्रीकमध्ये ट हा उच्चारच नाही. तो ट इंग्रजीच्या तोंडातून आपल्याकडे येतो, इंग्रजांना धड त जमत नाही आणि धड ट पण नाही, आपल्याला ते ट ऐकू येतं आणि आपण सगळ्या जगाला ट लावत सुटतो. देवनागरीत त आयता बसलेला असताना कशाला?

व चं म्हणाल तर ग्रीक लिपीतलं जे अक्षर आपण गणिताच्या पुस्तकात 'बीटा' म्हणून शिकलो त्याला आजचे ग्रीक लोक 'वीता' म्हणतात. फार जुन्या काळी त्याचा उच्चार ब होता, लॅटिनने तेव्हा शब्द उचलले आणि पुढे इंग्रजीत बेसिल झालं, इकडे ग्रीकांच्या तोंडात ब चा व होऊन वासिलिस झालं, रशियन लोकांनी व वालं उचललं म्हणून त्यांचा वासिली. तिघांचं नाव एकच. (मॉस्कोच्या रंगीबेरंगी घुमटवाल्या चर्चला इंग्रजीत सेंट बेसिल म्हणतात ना, तिथे पण रशियन नाव वासिलीच, फक्त तो संत वेगळा.) मुळात वासिलिआस म्हणजे राजा, त्यावरून हे नाव. पास्त्यात घालतो ते बेझिल पण त्याच घरातलं, 'राजेशाही' पाला. ग्रीक घरांत त्याच्या कुंड्या असतात, चर्चमध्ये तीर्थ शिंपडायला त्याचीच जुडी लागते, म्हणजे आपल्या तुळशीची चुलतबहीण मानसुद्धा जवळपास तुळशीचाच खाते.

व की व्ह? तो उच्चार वरचे दात खालच्या ओठाला लावून होतो, त्यामुळे काटेकोर लोक व्ह लिहितील, पण 'व्हासिलोपिता' वाचताना कुणीतरी काहीतरी 'व्हा' असा आदेश देतंय असं वाटतं. साधा व लिहा.

आता मिस्टरांचा पिता. ग्रीकमध्ये पिता म्हणजे आपण हॉटेलात हमसबरोबर खातो तो पिटा ब्रेड, पण तेवढंच नाही. पालक भरलेली स्पानाकोपिता, चीजची तिरोपिता, सफरचंदाची मिलोपिता, सगळ्या पिताच. म्हणजे आपल्या पोळीचा कारभार झाला: नुसती पोळी असते, गुळपोळी असते, पुरणपोळी असते, आणि आपल्याला शाळेत मध्यमपदलोपी समासाचं उदाहरण म्हणून हमखास पुरणपोळीच द्यायचे, पुरण घालून केलेली पोळी. स्पानाकोपिता तसाच समास. पण वासिलोपितेत वासिलिस घालत नाहीत हो! तो आत भरायचा पदार्थ नाही, ज्याच्या नावाने पिता करतात तो संत आहे. आपल्याकडे सत्यनारायणाचा शिरा म्हणतो ना, त्यात सत्यनारायण नसतो, तसं.

हा संत वासिलिस चौथ्या शतकातला, कप्पादोकियातल्या कैसरियाचा बिशप, ते गाव म्हणजे आत्ताच्या तुर्कस्तानातलं कायसेरी. वारला इ.स. ३७९ साली, आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्याचा दिवस १ जानेवारी, म्हणून न्यू इयर आणि तो एकाच दिवशी. ग्रीक पोरांना खेळणी आणून देणारा म्हातारासुद्धा हाच, सांता म्हणजे निकोलस नाही, आणि येतो तो ख्रिसमसला नाही तर वर्षाच्या पहिल्या दिवशी. दंतकथा अशी की करवसुलीसाठी गावातल्या लोकांचे दागिने गोळा केले होते, संकट टळलं, पण कुणाचा कुठला दागिना हे कळेना, तर याने सगळे पावांत घालून भाजले आणि वाटले, ज्याचा त्याला बरोबर मिळाला. दंतकथाच ती, पण केकमध्ये नाणं का याचं उत्तर ग्रीक आजी हेच देते.

त्या नाण्याला ते 'फ्लुरी' म्हणतात. हा शब्द फ्लोरिनवरून, फ्लोरेन्स शहराने १२५२ पासून पाडलेलं सोन्याचं नाणं, त्यावर लिलीचं फूल. पण मला गंमत दुसऱ्याच नाण्याची वाटते. ग्रीकांचं स्वतःचं नाणं म्हणजे द्राख्मा, तो शब्द अलेक्झांडरनंतरच्या काळात इकडे आला, संस्कृतात द्रम्म झाला, आणि आपल्या तोंडात दाम. दामदुप्पट, दाम करी काम, सगळं त्याच द्राख्म्याचं. ग्रीसमध्ये युरोची नाणी आली १ जानेवारी २००२ ला, बरोब्बर वासिलिसच्या दिवशी, आणि दोन महिन्यांत द्राख्मा व्यवहारातून गेला. त्यांनी सोडला, आपण अजून वापरतोय.

आता मुख्य मुद्दा, जो ताईंनी विचारलेला नाही पण मेसेज लिहायला बसल्यावर अडणारच. तो वासिलोपिता की ती? मराठीत परका शब्द आकारान्त असला की आपण त्याला डोळे मिटून पुल्लिंगी करतो, तो पिझ्झा, तो पास्ता, वर केक पण पुल्लिंगी, त्यामुळे 'तो वासिलोपिता' सहज तोंडात येईल. आणि इथेच फसाल. कारण मग सामान्यरूप होणार 'वासिलोपित्याचा तुकडा', आणि तेव्हा मिस्टर खरे ठरतील, पित्याचा तुकडा! स्त्रीलिंगी करा, 'वासिलोपितेचा तुकडा', कवितेची ओळ म्हणतो तसं. बाप गायब. शिवाय ग्रीकमध्ये पिता स्त्रीलिंगीच आहे, त्यामुळे मूळ भाषेचा मान पण राहतो. 'केक' शब्द सोबत लावलात तर मात्र क्रियापद केकच्या मागे जाईल, 'वासिलोपिता केक केला', ते ठीक, पण माझ्या कानाला ते 'बटाटेवडा वडा'सारखं लागतं.

भाजण्याबद्दल मी मुलांच्या विरुद्ध आहे. भाजणे म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर पापड, वांगं, शेंगदाणे येतात, पण आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई नानकटाईचं पीठ मळून डब्यात भरून द्यायची आणि आम्ही ते बेकरीत नेऊन 'भाजून' आणायचो, बेक करून आणायचो असं कुणीच म्हणत नव्हतं. आणि ग्रीक 'प्सिनो' हे क्रियापद अगदी भाजणेसारखंच आहे, निखाऱ्यावरचं मटण असो की ओव्हनमधली पिता, एकच शब्द. 'फुर्नोस' म्हणजे ओव्हन आणि फुर्नोस म्हणजेच बेकरी, कारण पूर्वी तिकडे पण बायका घरचं ताट बेकरीच्या भट्टीत देऊन यायच्या. तेव्हा भाजला म्हणा बिनधास्त. बेक केला पण चूक नाही. आमच्या घरात तिसरंच चालतं, 'केक लावलाय', कुकर लावल्यासारखं, आणि मला तेच सगळ्यात मराठी वाटतं.

करताना दोन शब्द अजून भेटतील. रेसिपी शोधताना 'पोलीतिकी वासिलोपिता' दिसली तर घाबरू नका, राजकारणाशी संबंध नाही. ग्रीक लोक कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आत्ताच्या इस्तंबूलला, नुसतं 'पोली' म्हणतात, म्हणजे शहर, तिथली ती पोलीतिकी, जोर 'ली'वर. जोर शेवटच्या 'की'वर गेला की मात्र राजकारण. ती यीस्ट घालून फुगवलेली, गोड पावासारखी असते, लेकीने शिकवली ती बहुतेक साधी संत्र्याच्या सालीची केकवाली असणार. पाववालीत 'मास्तिखा' घालतात, खिओस बेटावरच्या झाडाचा सुगंधी डिंक, पिस्त्याच्या जातभाईचा. तो परदेशातून मागवायची गरज नाही, काष्ठौषधीच्या दुकानात 'रुमी मस्तकी' मागा, तीच ती. रुमी म्हणजे रूमची, रूम म्हणजे कॉन्स्टँटिनोपलवाल्या रोमनांचा मुलुख. मस्तकाशी काही घेणंदेणं नाही, ग्रीकमध्ये चावण्याच्या शब्दाशी आहे, कारण लोक ती चघळतात. कुटताना चमचाभर साखर घाला नाहीतर खलबत्त्याला चिकटून बसते, आणि चिमूटभरच, जास्त झाली की कडू.

माझं केकवालीचं माप: २५० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम साखर, ४ अंडी, २०० ग्रॅम दही, ५०० ग्रॅम मैदा, ४ चमचे बेकिंग पावडर, २ संत्र्यांची किसलेली साल आणि थोडा रस. १७५ डिग्रीला तासभर, वर सोललेल्या बदामांनी नव्या सालाचा आकडा. पहिल्या वर्षी मी दहा रुपयाचं नाणं फॉइलमध्ये गुंडाळून कच्च्या पिठात टाकलं, ते तळाशी जाऊन बसलं आणि केक उलटा केल्यावर सगळ्यांना दिसलं, मेव्हणा म्हणाला हा लकी ड्रॉ फिक्स आहे. तेव्हापासून केक भाजून गार झाला की खालून सुरीने चीर पाडून आत सरकवतो.

कापायच्या आधी सुरीने वर तीनदा क्रूस काढतात, मग पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा मारियामातेचा, त्यांच्या भाषेत पानायिया, मग घराचा, मग घरातल्या मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि कुणा गरिबाचा किंवा अनोळखी पाहुण्याचा. आमच्या बोटीवर घराच्या जागी बोटीचा तुकडा असायचा. एका वर्षी नाणं त्यातच निघालं आणि कॅप्टन इतका खूश झाला की त्याने ते ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या केबिनमध्ये, चिकटवून ठेवलं. तुमच्याकडे एक तुकडा सोसायटीचा ठेवा, आणि मेसेज असा टाका:

'१ जानेवारीला सकाळी अकरा वाजता आमच्याकडे वासिलोपिता कापायची आहे. मी स्वतः भाजली आहे. वासिलोपितेच्या एका तुकड्यात नाणं आहे, जपून चावा.'