टीव्हीवरचे कार्यक्रम घरीच रेकॉर्ड करायला प्लेक्स घ्यावं की जेलीफिन?

नाशिकलाच राहता, जुना कॉम्प्युटर पडून आहे आणि आईवडिलांना चुकलेले कार्यक्रम नंतर दाखवायचे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी इंदिरानगरात बाबांसाठी हेच केलं, म्हणून सांगतो.

प्लेक्स आणि जेलीफिन ही घरच्या कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारी सॉफ्टवेअर आहेत. पण सॉफ्टवेअरच्या आधी घरात सिग्नल कुठून येतो ते पाहा. केबल किंवा पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे चॅनेल कुलूपबंद असतात. यातलं कुठलंच सॉफ्टवेअर ते थेट उघडत नाही, तिथे बॉक्सचीच रेकॉर्डिंगची सोय वापरावी. डीडी फ्री डिशवरचे बरेचसे चॅनेल मात्र खुले आहेत, सह्याद्रीसुद्धा. छत्री, यूएसबीचा डीव्हीबी-एस2 ट्यूनर (छत्रीचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारं उपकरण) आणि कॉम्प्युटर एवढ्यावर भागतं. ट्यूनर घेताना तो कॉम्प्युटरवर टाकायच्या लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो याची खात्री करूनच पैसे द्या. माझा पहिला चालला नाही आणि दुकानदाराने परतही घेतला नाही.

आता तुमचा प्रश्न. रेकॉर्ड करणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकाच सॉफ्टवेअरवर टाकू नका. प्लेक्समध्ये रेकॉर्डिंगसाठी प्लेक्स पास ही पैसे भरून घ्यायची वर्गणी लागते. जेलीफिन 2018 मध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालं, पूर्ण मोफत आहे, पण यूएसबी ट्यूनर ते स्वतः चालवत नाही. म्हणून रेकॉर्डिंग टीव्हीहेडएंड या ट्यूनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे द्या. ते आलेला सिग्नल जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवतं, त्यामुळे जुन्या मशीनवरही ताण येत नाही आणि मध्येच लाइट गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं. साध्या चॅनेलचा एक तास साधारण सव्वा ते दीड जीबी धरा. एकाच ट्रान्सपाँडरवरचे (उपग्रहाच्या एकाच लहरीवरून एकत्र येणारे) दोन-तीन चॅनेल एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात. दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरचा हवा असेल तर दुसरा ट्यूनर लागतो. आईची मालिका आणि बाबांच्या बातम्या एकाच वेळेला असतील तर हे आधीच तपासा.

रेकॉर्डिंगचं फोल्डर जेलीफिनला दाखवलं की अँड्रॉइड टीव्हीवर नेहमीच्या रिमोटने सगळं दिसतं. बाबांना दुसऱ्या दिवसापासून मला हाक मारावी लागली नाही, याचं मला फार समाधान आहे. थेट चॅनेलही त्याच पडद्यावर हवे असतील तर जेलीफिनऐवजी कोडी हे टीव्हीवरचं प्लेअर सॉफ्टवेअर घ्या, टीव्हीहेडएंडशी त्याचं छान जुळतं.

छत्री नाशिकहून आग्नेयेला, बरीच वर करून लागते. आषाढातल्या मुसळधार पावसात सिग्नल तुटतो, तेव्हा पुनःप्रक्षेपण असेल तर त्याचीही वेळ लावून ठेवा.