काकू विसरतात, पण पासबुक विसरत नाही

प्रश्न : माई, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. भावकीची बैठक आहे आणि मी पंच आहे. एका विधवा काकूंचं एटीएम कार्ड पुतण्याकडे असतं, पेन्शन तोच काढतो. आता घराचं बक्षीसपत्रही त्याच्या नावावर झालंय. काकू म्हणतात, लुबाडलं. पण त्यांना हल्ली विसरायला होतं, आणि पोरगा देवमाणूस. घरातल्या घरात चोरी म्हणायची का?

दादा, पोरगा देवमाणूस हे तुम्ही लिहिलंत, पेन्शन किती आणि गेली कुठे ते मात्र पत्रात कुठेच नाही.

माणूस बघून निकाल देण्याची खोड जुनीच. १९५९ च्या नानावटी प्रकरणात नौदलाच्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, तरी मुंबईच्या ज्युरीने, म्हणजे कोर्टात निकालाला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, ८ विरुद्ध १ मतांनी त्याला निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने ते फिरवलं. पुढे आपल्याकडची ज्युरी गेली, बैठका राहिल्या. अमेरिकेत ज्युरी अजून आहे. मुलाने आईचे पैसे लाटल्याचे काल्पनिक खटले लोकांपुढे मांडून ते काय ठरवतात, याचा तिथे अभ्यास झालाय. पेच तुमचाच : घरचा माणूस, आणि म्हातारीवर विश्वास किती ठेवायचा.

कार्ड बाजारात कुणी पळवलं असतं, तर काकूंच्या विसरण्याची चर्चा झाली असती का? विसरणाऱ्या माणसालाच तर लुबाडणं सोपं. सकाळी काय खाल्लं ते त्या विसरतील, पण औषधाला पैसे मागितल्यावर कोण खेकसलं, ते बाईमाणूस सहजी विसरत नाही.

बक्षीसपत्र कन्नडमध्ये असणार. सहीआधी ते काकूंना मराठीत कुणी समजावून सांगितलं? (लाइट बिलसुद्धा आपण शेजारच्या पोराकडून वाचून घेतो!) त्यात सांभाळण्याची अट आहे का, तेही बघा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन न सांभाळल्यास तो व्यवहार फसवणुकीने झाला असं धरून रद्द करता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. काकूंना जमत नसेल तर त्यांच्या वतीने नोंदणीकृत सेवाभावी संस्थाही करू शकते. बैठकीचा निकाल काहीही लागो, ही वाट बंद होत नाही, हे काकूंना सांगा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन नंबरही द्या.

बैठकीआधी एकदा काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसा, पुतण्या घरी नसताना. सोबत वहिनींना न्या. बायका पुरुष पंचापुढे पैशाचं बोलत नाहीत. आणि पासबुक भरून आणा. भरायला मात्र पुतण्याला पाठवू नका.