सुरक्षा शेवटच्या पानावर कशाला?

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्या भागाचा पुढच्या 20 वर्षांचा वाहतूक आराखडा बनतोय आणि लोकांकडून सूचना मागवल्यात. मसुदा वाचला, रुंदीकरण, फ्लायओव्हर, पार्किंग सगळं आहे आणि रोड सेफ्टी शेवटच्या पानावर, त्यात बोर्ड लावू आणि जनजागृती करू एवढंच. मी नेमकं काय लिहून देऊ?

उत्तर : ताई, पहिलं हेच लिहा की सुरक्षेचं वेगळं पान नको, ती प्रत्येक पानावर हवी. रुंदीकरणाचा प्रस्ताव असेल तर तिथेच सांगायला पाहिजे की रस्ता मोठा झाल्यावर गाड्या किती स्पीडने पळणार आणि चालणारा माणूस तो कुठून ओलांडणार. हे ड्रॉइंगच्या वेळीच ठरतं, एकदा डांबर पडलं की मग बोर्ड लावण्यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही.

स्पीडचं गणित तर जरूर घाला. ताशी 30 किमीने येणाऱ्या गाडीसमोर अचानक मूल आलं, ड्रायव्हरला ब्रेकवर पाय ठेवायला एक सेकंद लागला, तरी कोरड्या रस्त्यावर ती साधारण 13 मीटरमध्ये उभी राहते. ताशी 50 असेल तर त्या एका सेकंदातच गाडी जवळपास 14 मीटर पुढे आलेली असते, म्हणजे जिथे पहिली थांबली तिथे दुसरीचा ब्रेकसुद्धा लागलेला नसतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच पोटात गोळा आला होता. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये व्हिजन झिरो, म्हणजे रस्त्यावर कुणाचा जीव जाऊ नये की कुणी गंभीर जखमी होऊ नये हे धोरण, स्वीकारलं ते याच विचाराने, माणूस चुकणारच, पण चुकला म्हणून त्याचा जीव जाता कामा नये, आणि ती जबाबदारी रस्ता बनवणाऱ्यांचीही आहे.

दुसरं, "इथे अपघातच होत नाहीत" असं उत्तर मिळालं तर गप्प बसू नका. दुभाजकाची जाळी कुठे वाकलीय, झाडांमधून कुठे पायवाट पडलीय ते बघा, बहुतेक वेळा समोरच बसस्टॉप असतो आणि झेब्रा क्रॉसिंग पार लांब. लोकांनी रोज चालून दाखवलंय रस्ता कुठून ओलांडायचाय, आराखड्यात त्याची साधी नोंदही नसते! तिथे क्रॉसिंग द्या किंवा स्टॉप हलवा अशी थेट मागणी करा.

हायवे गावातून जात असेल तर तो वेगळ्या खात्याचा म्हणून सोडून देतात, आणि खरं काम तर तिथेच असतं. वेशीवर रस्ता अरुंद करणं, गोल चौक बांधून स्पीड उतरवणं, शाळा आणि वस्ती रस्त्याच्या दोन बाजूंना पडणार नाही हे बघणं, हे विभागीय आराखड्यातच बसतं.

आणि टार्गेट आकड्यात मागा, मृत्यू आणि गंभीर जखमी कोणत्या सालापर्यंत किती कमी करणार, पैसे कुठून येणार, जबाबदार कोण. जगात वर्षाला सुमारे 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यावर मरतात, त्यात निम्म्याहून जास्त पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर असतात, मग आराखडा फक्त गाड्या मोजून कसा चालेल?

जमलं तर शाळा सुटायच्या वेळी त्या दुभाजकापाशी अर्धा तास उभ्या राहा, किती जण ओलांडतात ते मोजा आणि फोटोसकट सूचनेला जोडा. फोटोवर तारीख आणि वेळ दिसेल एवढं बघा.